सरोवर दर्शन

रावसाहेब ढमढेऱ्यांनी नेरूळचा फ्लॅट नकाशा बघून घेतला. त्या नकाशावर त्यांच्या इमारतीच्या पुढ्यात एक निळा पट्टा होता. नवं शहर वसवणाऱ्या कचेरीतला माणूस जेवायच्या सुट्टीसाठी टेबल आवरत होता. रावसाहेबांनी पट्ट्यावर बोट ठेवून विचारलं, "हे काय?"

"पाणी," तो म्हणाला आणि डबा घेऊन गेला.

तेवढ्यावर रावसाहेबांनी तिसऱ्या मजल्यावरचा, निळ्या पट्ट्याकडे तोंड असलेला फ्लॅट पक्का केला. पाण्याची त्यांना ओढ होती. ते पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी आस्थापना शाखेत गेली. रजेचे अर्ज, बढत्या, कुणाच्या जन्मतारखेचा घोळ. धरण त्यांनी एकदाच पाहिलं होतं, तेही खात्याच्या सहलीत, आणि तेव्हा उन्हाळा असल्यामुळे त्यात पाणी नव्हतं. पण निवृत्तीनंतर ते कुणालाही सांगायचे, "माझं सगळं आयुष्य पाण्यात गेलं." ऐकणारा माणूस काय समजायचं ते समजायचा.

१९८३च्या हिवाळ्यात ते सामानासह राहायला आले, गॅलरीत उभे राहिले आणि समोर बघितलं. समोर चिखल होता. मोठ्या मैदानाएवढा, काळा, चकाकणारा चिखल. मधून एक बारीक ओहळ, कडेला खारफुटीची झुडपं, आणि चिखलात गुडघाभर रुतून चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, शोधणाऱ्या सारसोळे गावच्या बायका. पलीकडे बांध, बांधात एक मोरी, मोरीच्या तोंडाशी लोखंडी झडप, आणि त्यापलीकडे खाडी.

रावसाहेबांना वाटलं, काम अर्धवट राहिलंय. पाणी भरायचं राहून गेलंय.

खरं तर काहीच राहून गेलं नव्हतं. नवं शहर खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव टाकून उभं राहत होतं. भरती आली की खाडीचं पाणी रस्त्यांपेक्षा उंच चढायचं. अशा वेळी जोराचा पाऊस झाला तर गटारांतलं पाणी जाणार कुठे? म्हणून हा खोलगट भाग मुद्दाम मोकळा ठेवलेला होता. भरतीच्या रेट्याने झडप आपोआप मिटायची आणि खाडी बाहेर राहायची. तोवर शहराचं पाणी या तलावात साठून राहायचं. ओहोटी लागली की तेच पाणी झडप ढकलून निघून जायचं. तलावाचं काम रिकामं असणं हे होतं. पण रिकामेपण हे काम असू शकतं ही गोष्ट रावसाहेबांना कधी पटली नाही, आणि नोकरीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला ती का पटू नये हे कळायला मार्ग नाही.

सोसायटी नोंदवायची वेळ आली तेव्हा रावसाहेब अध्यक्ष झाले आणि त्यांनीच नाव सुचवलं, 'सरोवर दर्शन'. कुणी हरकत घेतली नाही. पाहुण्यांना पत्ता सांगायला नाव बरं होतं. पाहुणे यायचे, चिखल बघायचे आणि चहा पिताना विषय बदलायचे. रावसाहेबांना ते फार लागायचं.

तळमजल्यावर सुमित्राबाई गमरे राहायच्या. माणसं मूळची चिपळूणकडची. नवरा धर्मराज महापेच्या एका कारखान्यात फिटर होता, आणि सुमित्राबाई घरी शिलाईचं काम करायच्या. नेरूळमध्ये नवी शाळा निघाली तेव्हा गणवेशाचं काम त्यांनी मुख्याध्यापकांना भेटून मिळवलं होतं. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत कापडाचे गठ्ठे, आणि माणसं राहिलेल्या जागेत. खिडकीखाली त्यांनी कढीलिंब आणि मोगरा लावला होता. त्यांना तलाव भरलेला असावा की रिकामा, याबद्दल काही मत नव्हतं. पण रावसाहेब स्वतः खाली येऊन म्हणाले, "सुमित्राबाई, संध्याकाळी काम संपवून तुम्ही दारात बसलात की समोर पाणी असावं, गार वारा यावा, असं नाही वाटत तुम्हाला?" तेव्हा त्यांना एकदम वाटायला लागलं. त्यांनी अर्जावर सही केली. सगळ्यांनीच केली.

अर्ज कचेरीत गेला आणि १९८४ची दिवाळी उलटल्यावर जयप्रकाश खोपकर नावाचे तरुण अभियंता सोसायटीत समजावून सांगायला आले. खोपकर हुशार होते. त्यांनी सगळं बरोबर सांगितलं, पण असं सांगितलं की ते कुणाला कळू नये. 'धारण क्षमता', 'प्रवाहाचा शिखरबिंदू', 'पर्जन्य आणि भरती यांचा संयोग' असे शब्द येत राहिले आणि मागच्या खुर्च्यांवरची माणसं हळूहळू उठून गेली. शेवटी रावसाहेबांनी विचारलं, "म्हणजे थोडक्यात, पावसाळ्यात पाणी असतं. मग उरलेल्या वर्षात असायला काय हरकत आहे?"

"उरलेल्या वर्षात तशी हरकत नाही," खोपकर म्हणाले. "पण पावसाळ्याआधी तलाव रिकामा झालाच पाहिजे."

"झाला समजा," रावसाहेब म्हणाले. "माझं आयुष्य पाण्यात गेलंय."

खोपकरांना घरी जायचं होतं. वरच्या साहेबांकडे अर्ज गेलेला होता, त्यावर 'लोकांची मागणी' असं लाल शाईत लिहून आलं होतं, आणि लाल शाईशी भांडायचं त्यांचं वय नव्हतं. त्यांनी 'प्रायोगिक तत्त्वावर' परवानगी दिली. प्रायोगिक या शब्दाची मोठी सोय असते. काम जमलं तर प्रयोग आपला, फसला तर तो प्रयोगच होता.

युक्ती सोपी होती. भरतीच्या वेळी झडप साखळीने वर ओढून धरायची आणि खाडी आत घ्यायची. तलाव भरला की झडप खाली सोडून साखळीला कुलूप घालायचं, म्हणजे ओहोटीला पाणी बाहेर पडत नाही. कुलूप रावसाहेबांनी स्वतः वाशीहून आणलं. चांगलं जड, पितळी. किल्ली त्यांनी जानव्याला बांधली.

सारसोळ्याची गोजरा तेवढी भांडायला आली. ती रोज त्या चिखलात चिंबोऱ्या पकडायची आणि सोसायटीच्या दारातच विकायची. रावसाहेबांना तिने फाटकाशी गाठलं.

"सायेब, पानी भरलंव त आमी जावाचं कुठं? आमचं प्वाट हाय त्या चिखलात."

"अहो बाई, प्रगती होतेय," रावसाहेब म्हणाले. "तुमच्या नवऱ्याकडे होडी आहे ना? ती इकडे आणा. लोक फेरी मारतील, पैसे देतील. चिखलात कशाला उतरता या वयात?"

गोजरा आणखी बोलायच्या तयारीने आली होती, पण थांबली. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा वामन होडीला निळा रंग देताना दिसला. चिखलाची बाजू घेणारं त्यानंतर कुणी उरलं नाही.

१९८५च्या गुढीपाडव्याला सकाळी तलावाचं उद्घाटन झालं. तलाव काठोकाठ भरला होता. सनईची कॅसेट लावली होती. होडीची पहिली फेरी मारायचा मान खोपकरांना दिला. आदल्या सभेत इतकं समजावून सांगणारे खोपकर होडीत बसले, हात पाण्यात घातला आणि परत काठाला लागल्यावर म्हणाले, "अजून एक मारू या का?"

तो उन्हाळा सोसायटीने मजेत घालवला. हे नाकारण्यात अर्थ नाही. नेरूळमध्ये तेव्हा झाडं माणसाच्या खांद्याएवढीसुद्धा नव्हती, सिमेंटच्या भिंती दिवसभर तापायच्या आणि रात्रभर ती धग परत द्यायच्या. पण तलावावरून संध्याकाळी वारा यायचा. गॅलऱ्यांत माणसं बसायची. ठाण्या-डोंबिवलीचे पाहुणे राहायलाच यायला लागले. सुमित्राबाईही कामं आटोपून दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि धर्मराज शिफ्टवरून आला की त्याला म्हणायच्या, "बसा जरा, बघा तर खरं कसं दिसतंय."

मे महिन्यात त्यांचा कढीलिंब पिवळा पडला. मग मोगरा वाळला. त्यांनी पाणी जास्त घातलं, तर तो जास्त वाळला. रस्त्याच्या कडेला सावलीसाठी लावलेल्या रोपांच्या ओळीतली तलावाकडची सगळी रोपं एकामागून एक गेली. धर्मराजने मुळाशी बोट घालून माती चाखली.

"खारट लागते," तो म्हणाला. "खाडीचं पाणी मुरतंय खालून."

सुमित्राबाई रावसाहेबांकडे गेल्या. रावसाहेब गॅलरीत खुर्चीत होते. "झाडांना नव्या जागेची सवय व्हायला वेळ लागतो," ते म्हणाले. "माणसांसारखंच आहे."

"पण ती आधी जगली होती की."

"तेव्हा त्यांना सरोवर कुठे होतं?" रावसाहेब म्हणाले.  सुमित्राबाई जिना उतरून खाली आल्या.

जूनच्या आधी तलाव रिकामा करायचा होता. रावसाहेबांनी तो विषय कार्यकारिणीपुढे ठेवला. कुणी म्हणालं, शाळा सुरू होईपर्यंत राहू दे, मुलांना मजा येते. कुणाच्या मुलीला बघायला मंडळी येणार होती. वामनचा धंदा रंगात होता. रावसाहेबांनी कचेरीत फोन लावला, तर खोपकर प्रशिक्षणाला गेलेले. प्रशिक्षणाचा विषय काय, हे रावसाहेबांनी विचारलं नाही, पण फोनवरच्या माणसाने आपणहून सांगितला: शहरांतलं पावसाचं पाणी. जूनचा पाऊस हलका पडला आणि काही झालं नाही. रावसाहेब म्हणाले, "बघा. अभियंते उगाच घाबरवतात."

जुलैत एके दिवशी पहाटेपासून पाऊस लागला तो ओतायलाच लागला. त्या दिवशी मोठी भरती होती. सकाळी दहाच्या सुमाराला सुमित्राबाई मशीनवर होत्या. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडावंदन होतं, मुख्याध्यापकांना सगळी मुलं नव्या गणवेशात हवी होती. निळ्या पिनाफोरांची रास पलंगावर, कापलेलं कापड जमिनीवर. घरातल्या न्हाणीच्या जाळीतून आधी बुडबुडे आले. मग पाणी आलं, काळं, वास मारणारं. त्यांनी जाळीवर पोतं दाबलं. पाणी उंबऱ्यावरून आत आलं.

नेरूळची सगळी गटारं आपापलं पाणी घेऊन तलावाकडे गेली होती आणि तलावात जागा नव्हती. ते पाणी आल्या वाटेने परत फिरलं.

सुमित्राबाईंनी मशीन टेबलावर चढवली, तयार पिनाफोर कवटाळून जिन्यावर नेऊन टाकले आणि गठ्ठ्यांसाठी परत आल्या तेव्हा पाणी मांडीपर्यंत होतं. मागच्या खोलीचं दार फुगून अडकलं होतं. त्यांनी खांद्याने धक्के दिले. दार उघडलं तेव्हा गठ्ठे तरंगत होते, आणि एका गठ्ठ्यावर घूस बसली होती. ती सुमित्राबाईंकडे बघत होती, हलायला तयार नव्हती. सुमित्राबाईंना त्या क्षणी इतका संताप आला की त्यांनी तो गठ्ठा घुशीसकट उचलून बाहेर ढकलला.

दुपारी ओहोटी लागली. आता पाणी उतरायला हवं होतं. उतरेना. धर्मराज कारखान्यातून पाण्यातून वाट काढत घरी पोचला, दाराशी बायकोला बघितलं, आणि त्याने एकच विचारलं, "कुलूप काढलं का?"

कुणी काढलं नव्हतं. तळमजल्याची माणसं आपलं सामान वाचवत होती आणि वरची माणसं गॅलऱ्यांतून पूर बघत होती. धर्मराजने खालूनच रावसाहेबांना हाक मारली. रावसाहेबांनी किल्ली रुमालात बांधून दोरीने खाली सोडली आणि वरून सांगितलं, "हलक्या हाताने फिरवा. पितळी आहे."

धर्मराज आणि वामन होडीतून बांधापर्यंत गेले. कुलूप महिनोन् महिने खाऱ्या पाण्यात होतं. किल्ली निम्मी आत गेली आणि तिथेच तुटली. धर्मराज परत आला, घरातली हत्यारांची पेटी पाण्याखाली चाचपून काढली, हॅकसॉ घेऊन पुन्हा गेला. छातीभर पाण्यात उभं राहून दोघांनी आळीपाळीने साखळी कापली. झडप सुटली तेव्हा पाण्याच्या लोंढ्याने वामनला खाडीच्या बाजूला ओढलंच होतं. धर्मराजने त्याचा सदरा धरला, म्हणून तो वाचला. अंधार पडायच्या आत सोसायटीच्या आवारातलं पाणी उतरलं आणि चिखल उरला. घरांच्या आतला चिखल.

दोघं बांधावर होते, त्याच वेळी इकडे रावसाहेब दुसऱ्या एका होडीत बसले होते. ती वामनच्या भावाची होती. वरच्या मजल्यांवरून पाव आणि थर्मासमधला चहा गोळा करून ते तळमजल्याच्या खिडक्याखिडक्यांतून वाटत फिरत होते. हे त्यांनी मनापासून केलं. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं, शिवाय होडीत ते शोभूनही दिसत होते. एका वर्तमानपत्राचा फोटोग्राफर पूर टिपायला आलेला होता. तिसऱ्या दिवशी फोटो छापून आला: डोक्यावर छत्री, हातात पाव, खाली ओळ, 'संकटात धावून जाणारे ज्येष्ठ नागरिक'.

ऑगस्टच्या सुरुवातीला भागातल्या एका पुढाऱ्यांनी रावसाहेबांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, भाषणं. धर्मराजला बोलावणं होतं पण त्याची शिफ्ट होती, आणि साखळी कापताना हाताला झालेली जखम चिघळली होती. सुमित्राबाई गेल्या. त्यांना तळमजल्याच्या वतीने हार घालायला सांगितलं होतं. त्यांनी हार घातला. रावसाहेब त्यांना हळूच म्हणाले, "तुमचं नुकसान झालं, फार वाईट झालं. निसर्गापुढे कोण काय करणार?"

सुमित्राबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना वाटलं, हा माणूस खोटं बोलत नाही. याला खरंच असं वाटतंय. त्याची त्यांना जास्त भीती वाटली.

पंधरा ऑगस्टला शाळेतली निम्मी मुलं घरच्या कपड्यांत उभी राहिली. मुख्याध्यापकांनी पुढच्या वर्षाचं काम वाशीच्या दुकानाला दिलं. त्यांनी ते चांगल्या शब्दांत कळवलं.

सोसायटीची वार्षिक सभा सप्टेंबरात होती. विषयपत्रिकेवर 'सरोवर समितीची स्थापना व अध्यक्षांची निवड' असा विषय होता. पावसाळा सरल्यावर तलाव पुन्हा भरायचा, मात्र या खेपेला कुलूप स्टीलचं असावं, असं रावसाहेबांचं म्हणणं होतं. वरच्या मजल्यांनी माना हलवल्या. सुमित्राबाई उठल्या. त्या सभेत कधी बोलल्या नव्हत्या.

"माझी एक सूचना आहे," त्या म्हणाल्या. "समितीचे जे कुणी अध्यक्ष होतील, त्यांनी जून ते सप्टेंबर तळमजल्यावर राहावं. माझं घर मी देते. भाडं नको. तेवढे महिने आम्ही त्यांच्या घरात राहू."

माणसं हसली. रावसाहेबही हसले. "सुमित्राबाई, थट्टा पुरे."

"थट्टा नाही. मशीन वर चढवायला दोन माणसं लागतील, तेवढी द्या. घर मी धुऊन ठेवलंय. भिंतीला वास आहे थोडा, पण सवय होते. माणसांना सवय व्हायला वेळ लागतो, एवढंच."

आता कुणी हसलं नाही. तळमजल्याच्या सगळ्यांनी हात वर केले. मग पहिल्या मजल्यावरच्या वेणूबाईंनी केला. त्यांच्या घराकडे येणाऱ्या जिन्याच्या पाच पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या आणि त्या पायऱ्या त्यांना अजून दिसत होत्या. त्यांचं बघून पहिल्या मजल्याने केले, आणि दुसऱ्यावरच्या एकदोघांनीही. ठराव मंजूर झाला. सहकार खात्याच्या कुठल्या नियमात हे बसतं असं चिटणीसांनी विचारलं, पण ते कुणी बघायला गेलं नाही.

"हं, मग अध्यक्षपदासाठी नावं सुचवा," चिटणीस म्हणाले.

रावसाहेबांनी प्रकृतीचं कारण दिलं. दुसऱ्या मजल्यावरच्या एकांची पत्नी दम्याची होती. एकांची बदली होण्याची शक्यता होती. नाव आलंच नाही, आणि अध्यक्ष नसल्यामुळे समिती झाली नाही, आणि समिती न झाल्यामुळे तलाव रिकामा राहिला. कचेरीने हिवाळ्यात नवी झडप बसवली आणि साखळीचे कोयंडे कापून नेले. ती बसवायला खोपकर नव्हते. त्यांना बढती मिळाली होती.

गोजरा पुन्हा चिखलात उतरली, पण चिंबोऱ्या पूर्वीसारख्या मिळेनात. सुमित्राबाईंच्या दाराशी टोपली टेकवून ती कुरकुरायची, "समदा नास करून ठेवलान त्या म्हाताऱ्यानी."

"होडीला रंग कुणी दिला होता गं?" सुमित्राबाई विचारायच्या.

"दिसत व्हती पन झ्याक," गोजरा म्हणायची आणि टोपली उचलायची.

रावसाहेब सुमित्राबाईंशी बोलायचे थांबले. जिन्यात समोर आल्या तर ते कठड्याकडे बघत उतरायचे. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी गच्चीवर माती पसरून हिरवळ लावायची योजना मांडली. इमारत थंड राहील, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. सभेत कुणीतरी विचारलं, गच्चीच्या खाली कुणाचं छत येतं? तिसऱ्या मजल्याचं, असं उत्तर आलं. रावसाहेबांनी योजना अभ्यासासाठी मागे घेतली.

सुमित्राबाईंना ब्लाउज आणि परकर शिवण्याचं काम मिळत गेलं. ते सुट्या सुट्या गिऱ्हाइकांचं होतं, कायमचं नव्हतं. १९८६च्या जुलैत पुन्हा एका दिवशी भरती आणि पाऊस एकत्र आले. सकाळी तलाव भरत गेला, काठाला आला, थांबला. संध्याकाळी झडप उघडून पाणी निघून गेलं. आवारात साधं डबकंही झालं नाही. वरच्या गॅलरीतून कुणी बघितलं नाही, कारण बघण्यासारखं काही नव्हतं.

धर्मराज म्हणाला, "बघ, आता काळजी नाही."

"नाही ना," सुमित्राबाई म्हणाल्या. पण कापडाचे गठ्ठे त्यांनी माळ्यावरच ठेवले होते, आणि पावसाळा संपला तरी खाली काढले नाहीत.